पाहुण्यांसाठी हाकललेल्या पाली

भरे गावातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत अकोल्याची एक पोरगी भाड्यानं राहायची. एवढी शिकली आणि करायची काय, तर पाली मोजायची! थंडीत पाली कशा तगतात, यावर तिचं संशोधन. पहाटे अंधारातच कानटोपी घालून भिंतीपाशी उभी. ओळखू याव्यात म्हणून पालींच्या पाठीवर माझ्याच नेलपॉलिशचे ठिपके. मला पाल दिसली की शिसारी यायची, पण पोरगी लई गुणाची, म्हणून मी बॅटरी धरायची.

एक दिवस तिच्या मोठ्या मॅडम बघायला येणार होत्या. त्यांना पसंत पडलं तर काम पुढं चालू, नाहीतर बंद आणि पोरगी परत अकोल्याला. तिला अन्न गोड लागेना.

आता पाहुणे येणार म्हटल्यावर आम्ही घर झाडतो. ती पिरंगुटला गेली तशी मी पदर खोचला, वाशांपासून कोपऱ्यांपर्यंत सगळं खराट्यानं साफ केलं आणि पाली एकूण एक हाकलल्या. वर फिनेल मारलं.

पोरगी आली, भिंत बघितली आणि मटकन खाली बसली. "काकू, पाली कुठायत?"

अगं बाई! मी खराटा पाठीमागं लपवला.

सासूबाई म्हणाल्या, "लई शानी हायेस! पाव्हनं पोरगी बघाय येनार, आन् तू पोरीलाच हाकलून दिलीस व्हय गं?"

मग काय विचारता! लाकडं उलटली, पोती झटकली, आमचे मालक शिडी लावून कौलं उचकटू लागले. मॅडमची गाडी दारात लागली तेव्हा मी न्हाणीत बंबामागं डोकं घालून बसले होते. तिथल्या भेगेत, उबेला, अंगाला अंग लावून निजलेल्या सगळ्या ठिपकेवाल्या! मी अशी किंचाळले की मॅडम चपलांसकट आत धावल्या.

भेगेत बघायला मॅडम चांगल्या साडीनिशी ओल्या फरशीवर पालथ्या झाल्या. उठेचनात. "अशा एकत्र बसतात? हे तू कळवलं नव्हतंस."

"आजच कळलं, मॅडम," पोरगी चाचरली. "काकूंनी... दाखवलं."

मला राहवेना. "दाखवलं न्हाई ओ, खराट्यानं हाकलल्या मी! तुमी येनार म्हनून."

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या आणि मग पोट धरून हसल्या. "हे जसंच्या तसं लिहून काढ," पोरीला म्हणाल्या, "आणि पुढच्या थंडीचीही तयारी कर."

पोरगी हसत होती की रडत होती, देव जाणे. मी तिला कवेत घेऊन न्हाणीतच दोन गिरक्या मारल्या. आनंदानं नुसतं येड लागलं होतं मला.

दारातून सासूबाई ओरडल्या, "अगं ए, हळू! उठतील की त्या!"