धुक्यातला निळा हात

मी भुतांवर विश्वास ठेवत नाही; फक्त एकदा त्यांच्याशी बोललो आहे.

तुंगार्लीत आमच्या कुंपणावर एक जुना आंबा आहे. बुंध्यातूनच दुभंगलेला, अर्धा आमच्या अंगणात, अर्धा शेजारच्या देशपांडे काकांकडे. त्या वर्षी त्याच्या फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत वाळू लागल्या, सालीतून डिंक गळू लागला.

"रोग खोडात उतरला तर झाड गेलंच," माझी बायको रुबिना म्हणाली. झाडांतलं तिला सगळं कळतं (मला आंबा कळतो, तोही कापून दिल्यावर!). "झाड कोरडं असतानाच छाटायचं. खाली हिरव्या लाकडापर्यंत. प्रत्येक फांदीनंतर करवत स्पिरिटने पुसायची, नाहीतर रोग आपणच वाटत सुटतो. आणि जखमेवर मोरचूद-चुन्याचा निळा लेप."

"मी करतो."

"तुम्ही?" एवढं म्हणून ती इतकी हसली, की मला शिडी आणावीच लागली.

थंडीतली सकाळ होती. रुबिना वडिवळ्याला माहेरी गेली होती. ऊन स्वच्छ. मी वर चढलो, फांदीला आधी खालून काप दिला, मग वरून, म्हणजे साल सोलत जात नाही. लेप लावताना दोन्ही हात कोपरापर्यंत निळे झाले. मी स्वतःवर फारच खूश होतो!

तेवढ्यात तळ्याकडून धुकं आलं. आधी फाटक गेलं. मग घर गेलं. मग शिडी गेली. मग माझे स्वतःचे पाय गेले!

पानं ओली झाली. आता कापायचं नाही, म्हणून मी थांबलो.

करवत मात्र थांबली नाही.

कर्र... कर्र... कर्र... त्याच झाडात. अगदी जवळ. मी माझ्या हातातल्या करवतीकडे पाहिलं. ती गप्प होती.

"क-कोण आहे?"

आवाज थांबला. मग धुक्यातून घोगरं उत्तर आलं, "क-कोण आहे?"

आणि समोरची पानं बाजूला सारून एक निळा हात बाहेर आला!

मी किंचाळलो. हात किंचाळला! मी मागे सरकलो तशी शिडीला पायाची ठोकर बसली आणि ती धाडकन खाली आदळली. फांदीला मिठी मारून मी मोठ्याने दुआ म्हणू लागलो. पलीकडून कुणीतरी त्याहून मोठ्याने स्तोत्र सुरू केलं. आमचे दोघांचे आवाज धुक्यात असे काही मिसळले, की ऐकून मलाच आणखी भीती वाटायला लागली.

खाली रस्त्यावर पावलं थबकली. वलवणहून भाजी घेऊन येणाऱ्या सखूमावशी!

"कोन हाय रं वर?"

"मावशी, मी सलीम! खाली घ्या मला!"

"सलीमभाऊ? आरं देवा! कसं झालं रं? कवा गेलास?"

"मी जिवंत आहे!"

"समदी आसंच म्हंत्यात बाबा!" मावशी कळवळून म्हणाल्या. एक मेथीची जुडी झाडाखाली ठेवून, हात जोडून, त्या पळाल्या.

"सलीम?" निळा हात म्हणाला. "अरे, मी देशपांडे!"

"काका? तुम्ही इथे काय करताय?"

"रुबिनाने मला पण सांगितलं होतं, छाटायचं कसं ते. म्हटलं, तुझ्या आधी उरकावं. दाट पानांआड तू दिसलाच नाहीस, आणि तुझी करवत मला माझीच वाटली."

काकांची शिडी जागेवर होती. काकांचे पाय मात्र जागेवर नव्हते. फांदीला चिकटूनच ते म्हणाले, "आधी तू उतर." त्यांच्या बाजूला जायला मला ती फांदी सोडावी लागणार होती, आणि ते मला जमेना. शेवटी दोघं तसेच बसलो, एकमेकांचे निळे हात घट्ट धरून.

दुपारी धुकं विरलं तेव्हा रुबिना खाली उभी होती. तिने वर पाहिलं, बराच वेळ. मला वाटलं, आता रडेल.

"करवती पुसल्या का दोघांनी?"

तिने शिडी लावली, आम्हाला उतरवलं. झाड वाचलं, पुढे त्याला तांबूस पालवीही फुटली. मावशींनी मात्र वलवणपर्यंत सगळ्यांना माझी बातमी पोचवली होती. संध्याकाळी चारपाच माणसं गंभीर चेहऱ्याने भेटायला आली. दार मीच उघडलं. त्यातल्या एकाने माझे अजूनही निळे असलेले हात पाहिले, खात्री पटल्यासारखी मान हलवली आणि माझ्याकडेच दुःख व्यक्त केलं, "लय चांगला मानूस व्हता!"

माझ्याबद्दल एवढं चांगलं पहिल्यांदाच कुणी बोलत होतं. मी त्यांना मधेच थांबवलं नाही.