पूजेच्या ताटातली गोळी

लेक शिलाई मशीनीत तेल सोडते, अन् त्या वासानं मला बेला गावच्या आमच्या घरातला दसरा आठवते.

माह्ये घरवाले कापसाच्या जिनिंगवर चौकीदार होते. लायसनचं पिस्तूल रोज तेलानं पुसत. दसऱ्याले आमी हत्यारं पुजतो, तं विळ्याजवळ त्यायनं पिस्तूलई ठेवलं. गोळ्यायचं मॅगझिन काढून म्हणाले, "लाव कुंकू. रिकामं हाय."

विळ्याच्या धारेले लावलं, तसं पिस्तुलाच्या घोड्याले लावावं म्हणून मी बोट नेलं. नळीसमोर तीन वर्साची लेक बसली होती.

"थांब वं!" ते ओरडले. पिस्तूल घेऊन नळी भिंतीकडं केली, वरचा भाग मागं ओढला, तं एक गोळी टणकन ताटात पडली. मॅगझिन काढलं तरी आत एक राहू शकते, हे मला तवा समजलं.

"तुमी तं रिकामं म्हणले!" मी म्हटलं.

रोज पुसणारा माणूस त्याच दिवशी कसा भुलला? अन् ऐन वेळी त्याले कसं आठवलं? मला अजूनई उमगत नाई.

"माय, तू कैचीचं टोक काऊन भिंतीकडं फिरवतं वं?" लेक आता हासते.

"राहू दे तसंच," मी म्हणते.