फोटोपुरती सायकल

१९९९ साली गोंदियातल्या एका सरकारी कचेरीत मला टायपिस्टची नोकरी लागली आणि फुलचूरहून मी सायकलने जाऊ लागले. कचेरीतले बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, आमच्याच लाइनीत, चार घरं सोडून राहायचे. कोपऱ्यावरून तंबाखू-सुपारीचा खर्रा आणायलाही ते मोटरसायकल काढत. किका मारण्यात जेवढा वेळ जाई तेवढ्यात माणूस पायी जाऊन आला असता.

रोज मला मागे टाकताना ते हॉर्न वाजवत आणि कचेरीत सगळ्यांसमोर विचारत, "काऊन बाई, आज बी सायकलच? नवऱ्यानं गाडी नाही घेऊन देल्ली का?"

मंडळी हसत. मी मशीनवर कागद चढवत असे. उत्तर द्यावं एवढीही त्या माणसाची लायकी मला कधी वाटली नाही.

सायकलवरच्या त्या वीस मिनिटांत घरची कटकट मागे पडायची. येताना हँडलला भाजीची पिशवी, कॅरिअरवर मुलगी. चाळिशी उलटली तरी माझ्या गुडघ्यांनी तक्रार केली नाही. बडे बाबू मात्र दुसरा मजला चढून आले की बराच वेळ तोंड उघडं टाकून बसत.

दहा-बारा वर्षांनी वरून आदेश आला: कर्मचाऱ्यांची सायकल फेरी काढा, लोकांना सायकलचे फायदे सांगा. भाषण बडे बाबूंकडे आलं. फायदे त्यांना कुठून ठाऊक असणार? ते त्यांनी माझ्याकडून लिहून घेतले. वर म्हणाले, "बाई, तुमची सायकल बी द्या. तुमी बायांसंगं पायी या."

कचेरीचे साहेब समोर उभे होते. मी किल्ली दिली. त्या लाचारीचा मला आजही राग येतो.

भाषण झालं, सगळी वाक्यं माझी. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, साहेब जीपमध्ये बसून गेले. आम्ही बाया चालत रेल्वेच्या पुलापाशी पोचलो, तर चढाच्या पायथ्याशी पानठेल्याला माझी सायकल टेकवलेली, चेन उतरलेली.

"बड़े बाबू की साँस फूल गई, मैडम," पानठेलेवाला म्हणाला. "ऑटो करके निकल गए. बोले, जिसकी है वो ले जाएगी."

बाकीच्या हसल्या. मला किळस आली. मी चेन चढवली आणि काळ्या हातांनीच पूल चढले.

दुसऱ्या दिवशी पेपरात बडे बाबूंचा फोटो आला. त्यांनी तो टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि येईल त्याला दाखवत बसले. पुढच्या वर्षी पुन्हा फेरी ठरली तेव्हा किल्लीसाठी माझ्यासमोर हात पुढे करून उभे.

"नाही देत," मी म्हटलं.

"कायले?"

"तुमाले चालवता येत नाही म्हणून."

आवाज मी मुद्दाम खाली आणला नाही. टाइप करणारे हात थांबले. बडे बाबू तडक साहेबांकडे गेले. साहेबांनी मला बोलावलं, बसाही म्हणाले नाहीत.

"फेरीत कोणीतरी जायला पाहिजे ना?"

"मी जाते," मी म्हटलं. "माझ्या सायकलवर मीच."

त्या वर्षी फोटो झाल्याबरोबर सगळे पुरुष चहाच्या टपरीत शिरले. पूल ओलांडून, बाजारातून फिरून ठरलेल्या जागी पोचले ती मी एकटीच. तिथे स्वागताला कोणी नव्हतं. मी घाम पुसला आणि सरळ घरी निघाले.