डाव्या कुशीचा स्क्रीन

आमच्या मामाला त्याच्या धंद्यातली माणसं बुडबुडा म्हणतात. भिंतीवर मोठाले स्क्रीन लावणं हा त्याचा पंचवीस वर्षांचा धंदा, आणि लेव्हलच्या काचेतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये आल्याशिवाय हा माणूस घोटभर पाणीसुद्धा पीत नाही. दवाखाने, बँका, कॉलेजांची सभागृहं, सगळीकडे त्याच्या हातचे स्क्रीन आहेत आणि एकही केसभर कललेला नाही. हे कौतुकानेच सांगतोय, पण त्याच्यासोबत कुठे जायची सोय नाही. एकदा आम्ही एका घरी सांत्वनाला गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले असताना हा उठला आणि गेलेल्या गृहस्थांचा भिंतीवरचा फोटो सरळ करून आला. वर त्यांच्या मुलाला म्हणाला, "खिळा ढिला आहे, उद्या येऊन बदलून देतो." दुसऱ्या दिवशी खरंच गेलाही.

मागच्या वर्षी आई पडली आणि तिचा उजवा खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालं, पण नंतर तिला बसवलं की भोवळ यायची, पाठीवर ठेवलं की दम लागायचा. उरली डावी कूस. दिवसचे दिवस ती त्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडलेली. आधी कंटाळली, मग चिडली, मग गप्प झाली. तिच्या चिडण्याची आम्हाला सवय होती, गप्प राहण्याची नव्हती. जेवण दोन घासांवर आलं. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळेल हो, पण त्यांना बोलतं ठेवा. माणसाने मनाने अंथरूण धरलं की आमच्याही हातात काही राहत नाही."

आईचा सगळा जीव माझ्या धाकट्या बहिणीत. ती परदेशात, तिला सातवा महिना, प्रवासाला बंदी. रोज व्हिडिओ कॉल करायची. मी फोन अगदी सरळ धरून आईसमोर उभा राहायचो. आई क्षणभर बघायची आणि डोळे मिटून घ्यायची. "तिचं तोंडच कळत नाही रे मला," म्हणायची. नजर आधीच अधू, त्यात फोन तो केवढासा. मी म्हटलं, मोठा स्क्रीनच आणतो.

पंचावन्न इंची स्क्रीन आला आणि त्याच्यामागोमाग मामा. बोटाच्या पेराने भिंत वाजवत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. "इथं पोकळ आहे. इथं धरेल." खुणा केल्या, धूळ अंथरुणावर येऊ नये म्हणून प्रत्येक खुणेखाली कागदाची खोळ चिकटवली, मग भोकं पाडली. आईच्या खाटेच्या उंचीला स्क्रीन बसवला, लेव्हल लावली, बुडबुडा मध्ये. माझी बायको म्हणाली, "मामा, घरात थिएटर केलंत की!"

धाकटीला कॉल लावला. भिंतीवर तिचा चेहरा सुपाएवढा. आईने बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि डोळे मिटले.

माझं डोकंच फिरलं. "आता तरी बघ ना, आई. अजून काय करायचं आम्ही?" बोलून गेलो आणि माझी मलाच लाज वाटली. "असू दे दादा, तिला झोपू दे," म्हणून धाकटीने कॉल बंद केला.

एरवी मामाच्या कामात कुणी खोट काढली तर तो हातघाईवर येतो. त्या दिवशी त्याने पान्हा खाली ठेवला. खाटेशेजारी जमिनीवर आडवा झाला, डाव्या कुशीवर, दंडाची उशी करून, आणि स्क्रीनकडे बघत राहिला. दहा मिनिटं झाली. बायकोने मला खुणेने विचारलं, चादर आणू का? पंचवीस वर्षांत त्याने शेकडो भिंती सजवल्या असतील, पण मला त्याचा अभिमान वाटतो तो या दहा मिनिटांसाठी.

मग तो उठला आणि पान्हा उचलला. "धर रे, उतरवायचा आहे."

"का? काय झालं?"

"चुकलं माझं. उभ्या माणसासाठी लावला मी."

स्क्रीनमागची लोखंडी चौकट चौरस असल्यामुळे फिरवून बसवली तरी भिंतीतली भोकं तीच चालली. मामाने स्क्रीन चक्क उभा बसवला, चित्राचा माथा आईच्या उशीकडे. खालची कड जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. लेव्हल पुन्हा लावलीच. स्क्रीन सुरू केला तर त्यावरची अक्षरं आडवी, एकावर एक रचलेली. बायकोला हसू आवरेना. "मामा, येणारेजाणारे काय म्हणतील?"

"त्यांनी मान वाकडी करून बघावं. अक्काला करता येत नाही."

पुन्हा कॉल लावला. धाकटी भिंतीवर आडवी दिसू लागली, आईच्या शेजारी तिच्याकडे तोंड करून पडल्यासारखी. मला मान कलती करावी लागत होती. आईने डोळे मिटले नाहीत. कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

"किती वाळलीस गं," ती म्हणाली. "जेवतेस का नीट?"

तीन आठवड्यांत तिने आपणहून कुणाला काही विचारलं नव्हतं. मामा पान्हा हातात घेऊन तसाच उभा होता. "जेवते गं आई," म्हणता म्हणता धाकटीला रडू फुटलं आणि डोळे लपवायला तिने तोंड बाजूला केलं.

"तोंड फिरवू नकोस," आई म्हणाली. "आत्ता कुठं दिसायला लागलीस."