आजी, तुम्हाला काय बघायचंय?

आरफाला प्रश्न फार पडायचे. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला ती माझ्या वर्गात होती, आणि तास संपल्यावर तिनं मला दाराशी गाठलं नाही असा दिवस क्वचितच गेला असेल. गांडुळाला आपलं पुढचं टोक कुठलं हे कसं कळतं? आंधळ्या माणसाला स्वप्नात काय दिसतं? मला सगळं येत नसे. मग तीच दुसऱ्या दिवशी काहीतरी शोधून आणायची आणि मला सांगायची.

तिचे वडील चांदभाई. जुन्नरच्या बाजारपेठेत त्यांचं चष्म्यांचं आणि घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान आहे. नवा चष्मा घेतला की पुष्कळ लोक जुना तिथंच सोडून जातात. तसे चाळीसेक चष्मे एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठले होते. ते कुणाच्या तरी डोळ्यांना लागतीलच, असं आरफाच्या मनानं घेतलं. जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेचं आमचं शिबिर घाटघरला होतं, तेव्हा तिनं तो डबा बॅगेत घातला. वडिलांना सांगितलं नाही, मलाही नाही.

आमचं काम ओढ्यावर बंधारा घालायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिथं असताना शिबिरातली वृषाली पळत आली. "मॅडम, गोजरबाई आजी पडल्या. शाळेच्या पायरीवरून."

जाऊन पाहिलं तर आजी ओट्याला टेकून बसलेल्या. कोपर सोललेलं, गुडघ्याला सूज, आणि नाकावर एक जाड काळ्या काडीचा चष्मा. आरफा त्यांची जखम धूत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दोन पायऱ्यांची एकच दिसली," आजी म्हणाल्या. "पोरीला बोलू नका वो."

मी बोललेच. त्या दुपारी तिनं गावात तेरा चष्मे वाटले होते. ते एकेका घरून परत आणवले, आणि सगळ्यांसमोर तिला विचारलं, "तुला लोकांचं चांगलं करायचं होतं, की चांगलं केल्याचं समाधान हवं होतं?"

तिनं नाक पुसलं. थोडा विचार केला आणि अगदी मनापासून विचारलं, "मॅडम, दोन्ही एकदम नसतं का?"

 

घाटघरला फोनला रेंज मिळायची ती नाणेघाटाकडच्या उंचवट्यावर. संध्याकाळी आम्ही दोघी तिथं चढून गेलो. चांदभाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. "बेटा, त्या काचा दूरचं बघायच्या होत्या. आजींची नजर जवळची गेलेली असणार. तू त्यांना विचारलं का, काय दिसत नाही म्हणून?"

"नाही, अब्बा."

"मग चष्मा कशाच्या हिशेबानं दिला?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते स्वतःच आले, भिंगांची पेटी घेऊन. शाळेच्या ओट्यावर बसले. समोर येणाऱ्याला पहिला प्रश्न एकच, "काय बघायचंय तुम्हाला?" आरफा शेजारी बसून लिहून घेत होती. मला वाटलं होतं लोक म्हणतील, वाचायचंय. तसं कोणी म्हणालंच नाही. लंकाबाईंना नातीच्या पायातला काटा काढायचा होता. एकाला विकायला गोळा केलेल्या हिरड्यातला किडका दाणा ओळखायचा होता. एका बाईला तांदळातले खडे. एक म्हातारे बाबा म्हणाले, मला माझी नखं बघायची आहेत, कापताना रक्त निघतं.

आरफा प्रत्येक उत्तरावर मान वर करून त्या माणसाकडे बघत राही.

डब्यातले फक्त अकरा चष्मे उपयोगी पडले. गावातल्या दोन बायकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला निघाला, त्यांना पुढच्या आठवड्यात आम्ही जुन्नरला डॉक्टरांकडे नेलं. गोजरबाई मात्र आल्याच नाहीत.

आरफा रोज त्यांच्या घरी मलमपट्टी करायला जायची. सहाव्या दिवशी मीही गेले. तिनं सरळच विचारलं, "आजी, त्या दिवशी तुम्ही चष्मा कशासाठी घेतला होता?"

आजींनी लुगड्याचा पदर मागं सारला आणि डावा हात पुढं केला. मनगटाच्या वर हिरवं गोंदण होतं, पसरलेलं, फिकट. "हे माझं नाव हाय. आयनं जत्रंत गोंदून घेतलं, मी एवढुशी व्हते. आमच्यात कुणाला वाचता येत नव्हतं. दोन वर्सांमागं त्या म्हाताऱ्यांच्या वर्गात मी अक्षरं शिकले. फळ्यावरची मोठी वाचते. पण हे दिसतच नाय. म्हणलं, एकदा आपलं नाव आपून वाचावं."

आरफा हातावर वाकली. मी तिच्या शेजारीच होते. आम्हाला दोघींना अक्षरं दिसली, आणि ती दोनच होती. आरफानं माझ्याकडे पाहिलं. एरवी मनात आलेलं तिच्या तोंडात क्षणभरही थांबत नाही. त्या वेळी ती काही बोलली नाही. उठली, आणि अब्बा ठेवून गेलेल्या चष्म्यांतून एकेक आजींना लावून बघू लागली. "हा? की मघाचा बरा होता?" चौथ्या चष्म्याला आजींनी हात वर केला.

आजी उजेडाला दारात जाऊन बसल्या. बोट ठेवून, ओठ हलवत, "ठ," म्हणाल्या. बराच वेळ गेला. "मा."

मग पुन्हा पहिल्यापासून. "ठ-मा. ठमा." त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. "ठमा तर माझी आय!"



"माझं म्हणून सांगितलं आन् सोताचं घातलं व्हय गं!" आजी हसायला लागल्या. हसता हसता थांबल्या आणि त्या हातावरून दुसरा हात फिरवत बसल्या.

"का केलं असेल त्यांनी असं?" आरफानं हळूच विचारलं. "की गोंदणाऱ्याचीच चूक झाली? नाव काय, असं त्यानं विचारलं असेल, आणि त्यांना वाटलं असेल आपलंच विचारतोय."

"काय की बाई. मी लेकरू व्हते. नुसती रडत व्हते." आजी म्हणाल्या. "आता कुणाला विचारू?"

जून महिन्यात आरफा पुन्हा घाटघरला जाऊन आली, या खेपेला चांदभाईंना घेऊन. परत आल्यावर तिनं मला सांगितलं, अकरातले आठ चष्मे रोज वापरात आहेत. दोन हरवले. एक तीन घरांत मिळून वापरतात, दोऱ्यानं लंकाबाईंच्या दारावर टांगलेला असतो.

"एकच चष्मा तिघींना कसा लागतो, मॅडम?" तिनं विचारलं. "तिघींचे डोळे सारखेच असतील, की त्या आपल्या चालवून घेतात?"

"तू विचारलं नाहीस?"

"तिघी भाताच्या खाचरात होत्या. शनिवारी परत जातेय."