हामुरोंच्या दोनशे अकरा पाठी

आमच्या बाजारगल्लीत हिसाएताईंनी ज्याचा फोटो काढला नाही असा एक माणूस शोधून दाखवा, मी तुम्हाला पोटभर नूडल्स खाऊ घालतो. फार तर एक सापडेल, तोफूवाले हामुरो. तसे त्यांचेही फोटो ताईंकडे आहेत. चांगले दोनशे अकरा आहेत. पण सगळे पाठीचे.

आकडा मला पाठ आहे, कारण त्या सगळ्या फिल्म मी धुतल्या. ओसाकातल्या या छपरावाल्या गल्लीत, मोजेवाली आणि लोणचीवाला यांच्या मध्ये माझं फोटोचं दुकान आहे. हल्ली फिल्म घेऊन येणारे बोटांवर मोजण्याइतके उरलेत. माझं पोट चालतं ते ओळखपत्रांच्या फोटोंवर. तरी मागची काळोखी खोली मी मोडली नाही ती ताईंमुळे. दर बुधवारी त्या येतात, आत लाल दिवा लावतात, आणि गाणं गुणगुणत आपले फोटो आपण छापतात. चुकूनही दार उघडलं तर असं ओरडतात की शेजारची मोजेवाली हातातलं टाकून धावत येते.

हिसाए कुरुमातानी. वय एकाहत्तर. शिकोकूच्या खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी शर्टांच्या कारखान्यात काजं करायला आल्या, आणि एका बसचालकाशी लग्न करून इथल्याच झाल्या. नवऱ्याने कॅमेरा आणला तो होणाऱ्या बाळाचे फोटो काढायला. बाळ काही झालं नाही. कॅमेरा कपाटात पडून राहिला. एके दिवशी ताईंनी तो पिशवीत टाकला आणि भाजीला बाहेर पडल्या. परत आल्या त्या दोन फिल्म भरून, भाजी विसरून. नवऱ्याने त्या दिवशी नुसता भात आणि लोणचं खाल्लं. पुढे वारेपर्यंत त्या भल्या माणसाने ते किती वेळा खाल्लं असेल देव जाणे, पण कधी कुरकुर केली नाही.

ताईंची पद्धत न्यारी. त्या लपून फोटो काढत नाहीत. कॅमेऱ्यावर चार पावलांचं अंतर आधीच लावून ठेवतात, छपराच्या काचेतून उजेडाचा चौकोन जिथे पडतो ती जागा हेरतात आणि उभ्या राहतात. "माणूस उजेडात येतोच," म्हणतात. "आपण फक्त वाटेत यायचं नाही." फोटो निघाला की पिशवीतून लिंबाची गोळी काढून त्या माणसाच्या हातावर ठेवतात. पुढच्या आठवड्यात फोटोची प्रत नेऊन देतात. आणि कुणी नको म्हणालं, तर कारखान्यातली जुनी छोटी कात्री काढून त्याच्या डोळ्यांदेखत तेवढी फिल्म कापतात. एकदा एका टोपीवाल्याने अशी फिल्म कापायला लावली, गोळी मात्र मागून घेतली.

त्यांचा स्वतःचा फोटो विचाराल तर नाही. ओळखपत्रासाठी लागतो तोसुद्धा स्टेशनवरच्या यंत्रात काढून आणतात, आणि मी इथे दुकान उघडून बसलो असताना मला दाखवतही नाहीत. "मी कॅमेऱ्याच्या अलीकडची बाई," म्हणतात. "पलीकडे माझं काय काम?"

तर हामुरो. ताईंचा कॅमेरा वर गेला रे गेला की यांनी पाठ फिरवलीच. कारण विचारलं तर म्हणायचे, "सरळ तोंडाचा फोटो माणसाला एकदाच लागतो, फुलांच्या मधोमध ठेवायला. आणि तो बघायला आपण नसतो. घाई कशाला?" ताई समोरच्या छत्रीवाल्याच्या पायरीवर तासन्‌तास उभ्या राहायच्या. तेही पक्के. पाण्याच्या टाकीत वाकून तोफू कापताना सुद्धा त्यांना कळायचं. मग ताई पाठीचाच फोटो काढायच्या आणि पाठमोऱ्या माणसाच्या हातावर गोळी ठेवून यायच्या. अडतीस वर्षं हे चाललं. गल्लीतली पोरं त्यावर पैजा लावून लावून आता आजोबा झाली.

या वसंतात हामुरोंनी जाहीर केलं की गुडघे संपले, दुकान बंद, मुलीकडे होक्काइदोला चाललो. शनिवार हा तोफूचा शेवटचा दिवस, रविवारी पाच वाजता लोणचीवाल्याच्या माडीवर निरोपाचा समारंभ, सोमवारी प्रयाण. गल्लीच्या मंडळाने ठरवलं की समारंभात दाखवायला हामुरोंचा व्हिडिओ हवा.

हे ऐकून ताई माझ्या दुकानात येऊन स्टुलावर मटकन बसल्या. "कुवाहारा," त्या म्हणाल्या, "तो माणूस तोंड न दाखवता चालला रे."

चेहरा इतका उतरलेला होता की मला चिडवायचंही सुचलं नाही. म्हटलं, "तुम्हीच काढा ना व्हिडिओ."

दोघे मिळून हामुरोंकडे गेलो. त्यांनी बराच वेळ हात पुसले. "व्हिडिओत माणूस हलतो का?"

"हलतो, बोलतो, शिव्याही देतो," मी म्हणालो.

"मग चालेल. जिवंत असल्याचा पुरावा राहील. पण हे बघा हिसाएबाई, एकदाच. शनिवारी सकाळी. तुम्ही म्हणाल तेव्हा मी सरळ उभा राहीन, तुम्ही काय ते उरकायचं. पुन्हा मागायला आलात तर टाकीतलं पाणी ओतीन अंगावर."

"गार की गरम?" ताईंनी विचारलं. इतकं खूश मी त्यांना नवरा असतानाच पाहिलं होतं.

मी माझा मुठीत मावणारा व्हिडिओ कॅमेरा त्यांच्या गळ्यात अडकवला. मागच्या छोट्या पडद्यावर चित्र हलताना बघून त्यांनी नाक मुरडलं आणि काळी चिकटपट्टी आणून पडदा झाकून टाकला. "चित्र आधीच बघत बसलं की माणूस बघायचा राहतो," म्हणाल्या. मी म्हटलं, ठीक आहे, वरचं हे बटण एकदा दाबा, परत एकदा दाबा, बस. आणि हा लाल दिवा. त्याच्यावर तेवढं लक्ष ठेवा.

"लाल दिवा मला शिकवतोस? तुझा जन्म... बरं, जन्म झाला असेल. पण तू शाळेत होतास तेव्हापासून मी लाल दिव्यात काम करतेय."

मी गप्प बसलो. तिथेच चुकलं.

रविवारी दुपारी एक वाजता ताई कॅमेरा घेऊन आल्या. डोळ्यांत चमक. मी तो संगणकाला जोडला. पडद्यावर फरशी आली. मग ताईंचे बूट. मग आवाज, "हं हामुरो, ताठ उभे राहा. हात खाली. हसू नका म्हणत नाही, पण उगाच दात काढू नका. तयार? आता!" आणि चित्र बंद.

पुढचं चित्र सुरू झालं तेव्हा ताईंचा आवाज म्हणत होता, "झालं! छान आलं! सुटलात." आणि पुन्हा फरशी.

मी ताईंकडे पाहिलं. "लाल दिवा कधी लागत होता?"

"म्हणजे काय, कॅमेरा शांत असताना. लाल आहे तोवर काही उमटत नाही, बिनधास्त वावरावं. लाल गेला की काम सुरू." बोलता बोलता त्यांचाच आवाज बारीक होत गेला. "उलटं असतं का रे?"

उलटं असतं. काळोख्या खोलीत लाल दिवा म्हणजे फोटोचा कागद सुरक्षित. जगातल्या सगळ्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत लाल दिवा म्हणजे सावधान, चालू आहे. हे पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असतं, पण आयुष्यभर लाल दिव्याखाली फोटो छापलेल्या बाईला कसं कळावं? सांगायला हवं होतं मी. मला स्वतःच्याच कानफटात मारावीशी वाटली.

ताई उठल्या आणि निघाल्या. मी मागोमाग. हामुरोंच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आत टाकी कोरडी, उपडी. साचे आणि सुऱ्या खोक्यात बांधलेल्या. हामुरो गुडघ्याला पट्टी लावत बसले होते. "काय हो? पाणी नाही आता अंगावर ओतायला," ते हसून म्हणाले.

ताईंनी एकदा मोकळ्या टाकीकडे पाहिलं. "काही नाही. विचारायला आले, पाचला येताय ना?"

"माझाच समारंभ आहे बाई. येतो."

बाहेर येऊन त्या एवढंच म्हणाल्या, "मंडळाला सांग, म्हातारीने घोळ घातला." आणि कपडे बदलायला घरी गेल्या. ती लहानखुरी पाठ छत्रीवाल्याच्या पायरीवरून वळताना बघवेना.

दुकानात येऊन मी संगणक बंद करायला बसलो, तर तो व्हिडिओ अजून चाललाच होता. म्हटलं, बघू तरी. दहा मिनिटांनी मी दाराला 'बंद' ची पाटी लावली. अर्ध्या तासाने मी एकटाच मोठमोठ्याने हसत होतो आणि मोजेवाली भिंतीवर थापा मारत होती.

पाच वाजता माडी गच्च भरली. ताई शेवटच्या रांगेत, दाराजवळ, पळून जायला सोपं अशा जागी बसलेल्या. मी मंडळाला काही सांगितलं नव्हतं. ताईंनाही नव्हतं. दिवे मालवले.

भिंतीवर आली फरशी, बूट आणि "उगाच दात काढू नका." माडीवर हशा. मग ताईंच्या छातीवर लटकणाऱ्या कॅमेऱ्याला दिसले हामुरो, अख्खे, समोरून. ताठ उभं राहण्याची शिक्षा संपल्याबरोबर त्यांनी खांदे सोडले आणि नाक खाजवलं. मग कोपरापर्यंत हात पाण्यात घालून तोफूची लादी तळहातावर घेतली. ती कापताना जिभेचं टोक बाहेर यायचं. इतक्या वर्षांत हे कुणी पाहिलं होतं?

पडद्यावर नूडल्सवाल्याची बायको आली. "हामुरोमामा, आजपासून मी काय खाऊ?"

"नवऱ्याचं डोकं खा, रोजच्यासारखं," पडद्यावरचे हामुरो म्हणाले, आणि नेहमीपेक्षा एक लादी जास्त घालून तोंड फिरवून डोळे पुसले. त्यांना वाटलं तिला दिसलं नाही. माडीवर ती बाई तोंडाला रुमाल लावून हुंदके देत हसत होती.

असे तुकड्यांमागून तुकडे. ताईंचा "तयार? आता!" आला की चित्र बंद, "झालं!" आला की हामुरो जिवंत. चौथ्या वेळेपासून अख्खी माडीच एका सुरात "तयार? आता!" ओरडायला लागली. खुर्चीतले हामुरो गुडघ्यांवर थापा मारत होते. स्वतःचं तोंड बघून त्यांना फुलांची आठवण आली असेल असं काही वाटलं नाही.

मग शेवटचा तुकडा. कॅमेरा ताईंनी कट्ट्यावर काढून ठेवलेला, लाल दिवा अर्थातच लागलेला. हामुरोंचा आवाज: "शेवटची लादी आहे. खाऊन जा." वाटी सरकल्याचा आवाज. "हे यंत्र बघतात कुठून? मागे तर पट्टी लावलीय."

"हात लावू नका, माझं नाही ते."

चित्र हललं, छत दिसलं, छत्रीवाल्याची पायरी दिसली आणि मग एक बाई दिसली. हातात वाटी, केस विस्कटलेले, हनुवटीवर सोया सॉसचा ओघळ. गरम तोफूने जीभ पोळली म्हणून तोंडाचा चंबू करून फू फू करत होती आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. छपरातून पडणाऱ्या उजेडाच्या चौकोनात बरोबर मधोमध.

मागच्या रांगेतून ताईंचा आवाज आला, "ही कोण बाई?"

त्या थट्टा करत नव्हत्या. खरंच ओळखलं नाही त्यांनी.

हामुरो खुर्चीत वळले. पाठ आमच्याकडे, तोंड ताईंकडे. "अडतीस वर्षं माझ्या दुकानासमोर उभी राहायची ती," ते म्हणाले. "छान दिसते ना? मी रोज बघायचो. टाकीतल्या पाण्यात पाठीमागचं सगळं दिसतं."

मी दिवे लावले. ताई दोन्ही हातांनी पिशवी धरून उभ्या होत्या. मी जवळ गेलो. "ताई, न विचारता दाखवलं. नको असेल तर आत्ता कापून टाकतो, सगळ्यांदेखत. तुमचाच नियम."

त्यांनी कात्री काढायला पिशवीत हात घातला असं मला वाटलं. तेवढ्यात हामुरो लंगडत लंगडत त्यांच्यापाशी पोचले, तळहात पुढे करून म्हणाले, "द्या इकडे एक." ताईंनी सवयीने लिंबाची गोळी त्यांच्या हातावर ठेवली. हामुरोंनी तिचा कागद काढला आणि ती ताईंच्याच हातावर ठेवली.

"फोटो मी काढला," ते म्हणाले. "गोळी काढणाऱ्याने द्यायची ना?"

ताईंनी गोळी तोंडात टाकली. गाल फुगला. भिंतीवर तीच हसरी बाई थांबलेली होती. तिच्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या, जसं कुणाही अनोळखी माणसाकडे बघायच्या तसं.

"कुवाहारा," त्या म्हणाल्या, "परत लाव."

मी दिवे मालवले आणि पहिल्यापासून लावलं.