रजिस्टरची दुसरी प्रत

आता संगणकातला मजकूर दोन डिस्कवर नीट उतरतोय का, हे मी रोज तपासतो. सत्तरच्या दशकात रिठद गावच्या शाळेत शिक्षक असताना मी असंच काम टाळलं होतं. मुलांच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंद असलेल्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरची दुसरी प्रत लिहिणं माझ्याकडे होतं. मी वर्षभर त्यातलं एक पानही उतरवलं नाही आणि हेडमास्तरांना "झालं" म्हणत राहिलो. मग मूळ रजिस्टर वाळवीनं खाल्लं.

त्याच आठवड्यात एक मजूर बाई लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी शाळेचा दाखला मागायला आली. मूळ रजिस्टर वाळवीनं खाल्ल्याचं मी तिला सांगितलं.

"गुरुजी, दुसऱ्या वहीत असन ना तिचं नाव?"

"तीही वाळवीनं खाल्ली," मी खोटंच सांगितलं.

प्रवेशाची मुदत टळली. ती मुलगी शेतात निंदायला जाताना मला नमस्कार करायची. मी मान खाली घालायचो.